ओलं फडकं

आम्ही नवरा-बायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर रस्त्यात भांडलो. तेही मातीवरून.

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. चौथी शिकलेला पाडेली मी, जन्म गेला माडावर चढून नारळ पाडण्यात. ज्या माडाखाली लोक भीतीने उभे राहत नसत, त्याचेही पाडले. काही झालं नाही. पडलो तो साध्या, रोजच्या माडावरून... उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं, पुढे लागेल. मी वहीत लिहिलंय, मोबाईलवर दीक्षाने टाकलंय. शुद्धलेखन तिचं, शब्द माझे.

मालवणहून कसालकडे जाताना रस्त्याच्या आत एक छोटं चित्रकलेचं कॉलेज आहे. पूर्वी तिथे काजूची फॅक्टरी होती, भिंतींना अजून वास येतो. वीस-बावीस पोरं. चित्रं काढतात, मातीची डोकी घडवतात. समोर बसायला त्यांना म्हातारी माणसं लागतात, सुरकुत्या जास्त म्हणून. आधी मी बसलो. मग दीक्षा, तिथे शिकणारी दोडामार्गची मुलगी, माझ्या बायकोला बघून म्हणाली, "आजी, तुमी बसा. तुमचो चेहरो बरो आसा."

"बरो? चाळीस वर्सांत ह्या माणसाक दिसाक नाय तो!"

सगळा वर्ग हसला. मी बाहेर जाऊन विडी ओढली.

आठ दिवस बसली. अंग हलवायचं नाही म्हणून सांगितलेलं, ते पाळलं. तोंड काही थांबलं नाही. लोणच्यापासून शेजारणीपर्यंत सगळं सांगून झालं. म्हणून दीक्षाने मातीतही तिचे ओठ जरा उघडेच ठेवले.

माती सुकली की तडकते. म्हणून काम थांबलं की पोरं त्यावर ओलं फडकं टाकतात, वरून प्लास्टिक. दिवाळीच्या सुट्टीआधीचा तो शनिवार. दीक्षाची यष्टी चुकत होती, ती सुकंच फडकं टाकून पळाली. आम्ही घराकडे निघालो. वाटेतल्या व्हाळाकडे, ओढ्यापाशी आल्यावर बायको थांबली.

"अवो, त्या चेडवान फडको भिजवल्यान नाय. माती फुटतली. परत जाऊया."

"मातीच ती. फुटली तर फुटली."

"माजा तोंड आसा ता!"

"तुजा तोंड हय आसा. ता बंद कर आदी."

एरवी हसली असती. "माझे पाय दुखतत, नायतर मीच गेलंय असतंय," म्हणाली. मी पुढे चालायला लागलो. ती मागून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भात वेळता वेळता चुलीपाशी बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

बारावं झालं, तेरावं झालं. लोक फोटो मागायला लागले, फ्रेमला. फोटो कुठला? आधारकार्डावरचा... त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. तेव्हा मला त्या मातीची आठवण झाली. आणि माती सुकी सोडलेली. माझ्यामुळे.

कॉलेज उघडलं त्या सकाळी दीक्षा दारात येऊन रडायला लागली. "आजोबा, मी फडको भिजवूक इसारलंय ओ. माका एकटीक उघडूक भिया वाटता."

गेलो तिच्याबरोबर. सर होते, शिपाई गणू होता. खोलीत आणखी चार डोकी होती. ती सगळी नीट भिजवून, प्लास्टिक बांधून ठेवलेली. सगळी तडकली होती. एकाचं तर नाकच खाली पडलेलं.

हिच्यावर प्लास्टिक नव्हतं. फडकं होतं, आणि फडक्यातून पाणी ठिबकत होतं. खाली लादीवर थारोळं.

"गणू, तू भिजवलंस?" सरांनी विचारलं.

"मी खंय? मी विजयदुर्गाक सासरवाडीत. चावी माझ्या कमरेक!"

मला वाटलं, कौल फुटलं असेल. वर बघितलं, भिंत चाचपली. कोरडी. आणि तीन आठवड्यांत पाऊस एक थेंब नाही.

मग दीक्षा म्हणाली, "सर, मी गाठ मारूक नाय. फडको नुसतो टाकलेलो."

गाठ होती. गळ्याखाली, डाव्या बाजूला, एक टोक लांब सोडलेलं.

आता माझी बोटं आठवा. मी पडलो तेव्हापासून बायको घरातली प्रत्येक गाठ अशी मारायची — पिशवीची, डब्याची, लोणच्याच्या बरणीवरच्या दादऱ्याची — की मी डाव्या हाताने टोक ओढलं की सुटावी. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. लाज वाटायची.

डाव्या हाताने टोक ओढलं. सुटली.

चेहरा होता तसाच होता. एक चीर नाही. ओठ उघडे, काहीतरी सुनावायला निघालेली.

सर म्हणाले, "काका, आजच साचा घेऊ. पुन्हा सुकली तर गेली. प्लास्टरमध्ये ओतली की कायमची राहील."

"आणि ही माती?"

"साचा काढताना ती मोडावीच लागते. परत टाकीत जाते. पुढची मुलं वापरतात."

"नाही," मी म्हटलं. "मोडायची नाही. कोणी हात लावू नका. फडकं परत टाका आणि कुलूप लावा. मी उद्या सांगतो."

दीक्षाने ते ओलं फडकं तसंच वर टाकलं. गाठ मारली नाही. चावी मी मागून घेतली. गणू कुरकुरला, पण दिली.

घरी जीव लागेना. ओटीवर बसलो, परत उठलो. लोणच्याची बरणी तिने बांधलेली तशीच आहे, हात लावलेला नाही. सोडली तर पुन्हा बांधणार कोण? आणि तिकडे तिची गाठ मी सगळ्यांसमोर ओढून मोकळा झालो... हेच सारखं डोक्यात.

उजाडल्यावर विहिरीचं पाणी कळशीत घेतलं आणि चालत निघालो. व्हाळ ओलांडला. कुलूप मीच काढलं.

फडकं पापडासारखं वाळलं होतं. एका रात्रीत. तीन आठवडे जे ठिबकत होतं ते. कानामागे केसाएवढी चीर पडायला लागली होती.

कोणी भिजवत होतं, का वाळलं, मला कळलेलं नाही. सरांनाही नाही. कोणाला कळत असेल तर खाली लिहा, पण मला खुळ्यात काढू नका.

मी कळशी हळूहळू ओतली. फडकं गच्च भिजवलं, पाणी लादीवर येईपर्यंत. गाठ मारायला गेलो, बोटं वळली नाहीत. मग तिच्या स्टुलावर बसलो आणि दीक्षा येईपर्यंत दोन्ही टोकं हातात धरून ठेवली.

ती आली. मला बघून दारातच उभी राहिली.

"साचो घे गो," मी म्हटलं. "मोडू दे माती. तिचे पाय दुखतत, किती हेलपाटे घालतली ती?"