धाकधूक सर

चांगली बातमी आली की आमच्या सरांचा चेहरा उतरायचा. कुणी पहिल्या वर्गात पास झालो म्हणून सांगायला गेलं, तर ते आधी विचारायचे, "नंबर आपलाच बघितलास ना?" धाराशिवच्या कॉलेजात पोरांनी त्यांचं नाव 'धाकधूक सर' ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं. "ठेवू द्या की. ज्याला धाकधूक न्हाय, तो फिजिक्समधी आलाच कशाला?" असं म्हणायचे.

मी बेंबळीहून एसटीनं यायची. वडील मेंढरं राखायचे. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. 'क्लॅथ्रेट' हा शब्द मी सरांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. बोरॉन-कार्बनच्या अणूंचा पिंजरा आणि त्याच्या आत धातूचा एक अणू. आतला अणू बदलला की पदार्थाचे गुण बदलतात. असे बदल करत, विजेला जराही न अडवणारा अतिसंवाहक थोड्या कमी थंडीत मिळेल का, हे आम्ही कॉम्प्युटरवर गणितानं शोधायचो. आतल्या अणूला सर पाहुणा म्हणत. "लई मोठा पाहुणा आला तर घर फुटतंय, बारका आला तर आत खुळखुळतंय. बघून बोलवा."

सरांच्या निवृत्तीला महिना उरला असताना परगावच्या एका प्रयोगशाळेनं कळवलं, तुमचा एक पदार्थ आम्ही बनवून बघतो, कोणता ते सांगा. माझ्या एका पदार्थाचं उत्तर सगळ्यांत भारी आलं होतं; त्याला सगळ्यांत कमी थंडी लागणार होती. मी पेढे घेऊनच सरांकडे गेले. त्यांनी पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही.

"गणिताची जाळी अजून बारीक कर, जास्त बिंदूंवर हिशोब घे आन् परत चालव."

"सर, दोनदा चालवलंय की!"

"व्हय, पण उद्या मी इथं न्हाय. त्यांचा फोन तुला येणार. तवा तुझी बोबडी वळाय नको."

मी पुन्हा चालवलं. जागचे किंचित हलवलेले अणू परत जागेवर येईनात. पिंजरा टिकणारच नव्हता. मला रडू आवरेना. सर मात्र त्या दिवशी मोकळेपणी हसले. "अगं, इथं कोसळलं ते बेस झालं. तिथं कोसळलं असतं तर तुला पुन्हा कुणी विचारलं असतं का?" आणि त्यांनी तो पेढा तोंडात टाकला.

आम्ही दुसरा पदार्थ कळवला. त्याला थंडी जास्त लागणार होती, पण पिंजरा भक्कम होता. प्रयोग सुरू व्हायच्या आतच सर गेले. दवाखान्यातही त्यांनी मला एवढंच विचारलं, "त्यांचा काय निरोप?"

आज सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. प्रचंड दाबाखाली बनवलेला नमुना बाहेर काढलाय, दाब गेल्यावर पिंजरा टिकला का ते दुपारी सांगतो म्हणाले. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. सर होते तोवर माझ्या वाटणीची भीतीही तेच बाळगत. आज ती सगळी माझ्या एकटीवर आली आहे, आणि एवढी भीती मनात ठेवून ते रोज वर्गावर कसे जात, हे विचारायचं राहूनच गेलं.