सागाच्या पानाची जाळी

दत्तरावांनी सागाचं पान माझ्या टेबलावर ठेवलं.

पान मच्छरदाणीसारखं दिसत होतं. हिरवा भाग गायब, पण बारीकसारीक शिरा सगळ्या शाबूत.

मी नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दत्तरावांचा साग किनवटकडे, जंगलाला लागून. चार दिवसांपूर्वी त्यांनी व्हॉट्सअॅपवर एक धूसर फोटो पाठवला होता. त्यात काळपट अळी. मी दोन लेक्चरच्या मधे फोटो बघितला आणि कळवून टाकलं, ‘डिफोलिएटर आहे, फवारा.’

सागावर मुख्यतः दोन छोट्या पतंगांच्या अळ्या पडतात. डिफोलिएटर कोवळ्या पालवीवर तुटून पडतो, बारीक शिरांसकट पान फस्त करतो. दुसरा स्केलेटनायझर. तो शिरा सोडून देतो, नुसती जाळी उरते.

समोर जाळी होती.

“औषधाचं नाव लिहून द्या,” दत्तराव म्हणाले. “उद्या सकाळी फवारणीचा ब्लोअर येऊन राहिला.”

“बागेच्या खाली काय आहे?”

“ओढा. शेरडं तिथंच पाणी पितात.”

“उद्या मी येते. तोवर फवारू नका.”

सकाळच्या एसटीनं गेले. ट्रॅक्टर बांधावर उभा होता, पाण्याचे ड्रम भरलेले. मी पान उलटं केलं. बारीक जाळ्याखाली हिरवट अळी, अंगावर जांभळट पट्टे. पुढच्याच झाडाखाली हवा तो पुरावा मिळाला. पानाच्या पाठीला चिकटलेला पिवळा पतंग, नखाएवढा, पंखांवर गुलाबी नागमोडी रेघा.

“एवढंसं?” दत्तराव म्हणाले. “ह्यानं खाल्लं माझं रान?”

“ह्याच्या अळीनं. हा स्केलेटनायझर आहे. मी चुकीचं सांगितलं होतं.”

त्यांनी मोबाइलवरचा माझा मेसेज पुढे केला. “फोटो बघून तुम्हीच फवारा म्हणलात की.”

“हो. तो फोटो बघून तसं सांगायला नको होतं.”

त्यांच्या पत्नी, शेवंताबाई, शेरडं घेऊन बाजूलाच उभ्या होत्या. “बाई, ही जाळी दरसालची हाय,” त्या म्हणाल्या. “पोळा झाला की दिसायला लागती. औंदा लई हाय, एवढंच.”

“आणि पुढच्या पावसाळ्यात झाडं?”

“झाडाला काय होतंय? पुन्हा पानं फुटतात.”

“मग मला का न्हाई सांगितलं?” दत्तराव म्हणाले.

“तुम्ही फोटो काढून राहिले होते. मला कुठं इचारलं?”

ट्रॅक्टरवाला हसला. मलाही हसू आलं. आता फवारू नका म्हणायचं, म्हणजे पुन्हा जबाबदारी माझीच. पण हिशोब साधा होता. महिन्या-दोन महिन्यांत साग पानं झाडणारच होता, म्हणजे झाडाचं फार नुकसान नव्हतं. औषध मात्र ओढ्यात उतरलं असतं. मी तसं सांगितलं. दत्तरावांनी ब्लोअर परत पाठवला. चहा दिला, पण माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात मी न बोलावता जाऊन आले. सगळ्या झाडांना परातीएवढी पानं होती. दत्तराव बोलायलाही लागले होते.

हल्ली धूसर फोटो आला की मी ‘माहीत नाही’ असं कळवते. हे दोन शब्द लिहायला मला बावीस वर्षं नोकरी करावी लागली.