रहीमचाचांचे कान

डिझेलचा वास आला की द्वारका चौकाजवळचं रहीमचाचांचं गॅरेज आठवतं. आमची टॅक्सी काळा धूर सोडत होती. पप्पा चहा सांगायला गेले, तसे चाचा चालू इंजिनाच्या डिझेल-नळ्यांचे नट एकेक करून सैल करू लागले.

"बेटी, ज्या नटाला आवाज बदलणार नाही, तिथंच बिघाड. मला आता तो फरक ऐकू येत नाही, तू ऐक. पप्पांना बोलू नको, गिऱ्हाईक तुटेल."

दोनदा आवाज बदलला. तिसऱ्याला इंजिन तसंच धडधडत राहिलं.

"हाच," शाळेत तोंड न उघडणारी मी ओरडले.

पप्पा परतले. "इतक्यात सापडलं?"

"कान तयार लागतो, भाऊ," चाचा म्हणाले.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, पोरगी नेहमीसारखी लाजतेय.