चाक म्हणजे चाक

रानकाकूंचं डोकं त्या रविवारी सकाळपासूनच तापलेलं होतं, आणि कारण काय, तर काकांनी चहाचा कप खाली ठेवत म्हटलं होतं, "मला एकदा तळ्यावर ने ना."

बस्स, एवढंच. पण मागून मागून या माणसानं मागावं काय, तर तळं! दुसरं काही मागितलं असतं तर काकूंनी शिवणाचं मशीन विकून आणलं असतं. तळं पडलं जंगलाच्या आत, काका पडले चाकाच्या खुर्चीत, आणि जंगलाच्या फाटकावर ही मोठी पाटी, की चाक असलेलं काहीही आत नेऊ नये. ती पाटी लावून घेतली कोणी? रानकाकूंनीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंबलायचं कुणाच्या नावानं?

काकू शिवणकामवाल्या. पडदे आणि शाळेचे गणवेश, त्यातच हयात गेली. रानाशी संबंध एवढाच, की रविवारी दुकान बंद करून नवराबायको तळ्यापर्यंत चालत जायची. काकू पुढे, काका थर्मास घेऊन मागे. मग मोटारसायकलवाली पोरं घुसली. पायवाटेची नांगरट केली, पक्षी पळवून लावले, एकानं तर काकांच्या अंगठ्यावरून चाक नेलं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ज काय, सह्या काय, सुनावण्या काय, वर्षानुवर्षं त्यांनी साहेबलोकांच्या डोक्यावर मिरी वाटली. सरकारी जागा सगळ्यांची, असं मोटारसायकलवाले म्हणायचे. सगळ्यांची म्हणूनच सगळ्यांनी पायी जायचं, असं काकू म्हणायच्या. 'रानकाकू' हे नाव तिथंच पडलं. आणि शेवटी बाई जिंकल्या हो! जंगल राखीव झालं.

शेवटच्या सुनावणीत सायकलदुकानवाला उठून म्हणाला होता, "निदान सायकल तरी सोडा. धूर नाही, आवाज नाही." मागच्या रांगेतून एका बाईनं विचारलं होतं, "आणि बाबागाडीचं काय?" काकूंचा स्वभाव म्हणजे एक घाव दोन तुकडे. त्या गरजल्या, "आज बाबागाडी सोडा, उद्या ट्रक येईल. बोट दिलं की मनगट धरतात लोक. चाक म्हणजे चाक!" टाळ्यांनी सभागृह दणाणलं होतं. पुढे काकांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि घरात चाकं आली.

तर त्या रविवारी काकू खुर्ची ढकलत निघाल्या. "अहो, मी नियम मोडणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"मग निघालोय कुठं?"

"फाटकापर्यंत. विचारायला."

"कुणाला विचारणार? नियम तुझाच."

"गप्प बसा हो तुम्ही!"

त्यांना बघून फाटकावरचा पहारेकरी उठून उभाच राहिला. एकदा पाटीकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे. "काकू, जा तुम्ही. मी तिकडं तोंड करून उभा राहतो."

"तोंड फिरवायला ठेवलंय का रे तुला इथं?"

बाजूच्या बाकावर सायकलदुकानवाला बसला होता. सायकल झाडाला साखळीनं बांधून, पायी आत जायच्या तयारीत. आता हा टोमणा मारणार, म्हणून काकूंनी पदर खोचला. मारला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "जा हो काकू. मी कुणाला सांगणार नाही."

मेल्याला दया आली! इतकी वर्षं ज्याच्याशी भांडले त्यानं दया करावी, याच्याइतकं वाईट काही नाही. काकूंनी इकडंतिकडं बघितलं आणि पहारेकऱ्याच्या खोलीतल्या लाकडी खुर्चीकडं बोट दाखवलं. "चाकं नकोत ना? मग ती खुर्ची आणा, यांना तीत बसवा आणि चौघं मिळून उचला. आणखी दोघं येतीलच एवढ्यात." सायकलवाल्यानं लगेच बाह्या वर सारल्या.

"मी नाही जाणार," काका म्हणाले.

"काय?"

"मी काय कपाट आहे का, चौघांनी उचलून न्यायला?"

"अहो, सकाळपासून तुम्हीच डोकं खाताय माझं! तळं, तळं, तळं! आता नेते तर नखरे!"

झटक्यापासून काकांचे शब्द सावकाश यायचे. "ती बाबागाडीवाली बाई आठवते?"

"तिचं काय आत्ता?"

"माझ्या शेजारी बसली होती. गाडीत बाळ नव्हतं. सात-आठ वर्षांची मुलगी होती. पाय बाहेर लोंबत होते. चालता येत नव्हतं तिला."

"आणि हे मला आज सांगताय?"

"त्याच दिवशी सांगितलं, घरी येताना. तू जिंकली होतीस, ऐकत नव्हतीस." काकांनी डाव्या हातानं पाटी दाखवली. "गणवेशाच्या शिवणीत दोन बोटं माया सोडतेस. पोर वाढलं की उसवून मोठं करता यावं म्हणून. इथं मात्र अगदी कडेवर टाके घातलेस."

काकूंनी खुर्ची वळवली, चाक दगडाला अडलं, तर त्या दगडालाच चार शिव्या घातल्या आणि घरी आल्या.

मग त्यांनी नवा अर्ज टाकला. सुनावणीला त्या उभ्या राहिल्या, आणि मागणी काय, तर ज्याला चालता येत नाही त्याची हातानं ढकलायची गाडी तेवढी आत सोडा. त्यांचीच माणसं ओरडली, "फितूर!" मोटारसायकलवाल्यांनी टाळ्या पिटल्या. काकू गर्रकन वळल्या. "टाळ्या वाजवू नका! तुमच्यासाठी नाही आले मी. तुमचं इंजिन आत दिसलं तर आजही टायरची हवा काढीन!"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "काकू, 'चाक म्हणजे चाक' हे तुमचंच म्हणणं ना?"

"माझंच. तेव्हा मागच्या रांगेत कोण बसलंय ते बघितलं नव्हतं मी."

साहेब म्हणाले, विचार करू. पाहणी होईल, तज्ज्ञ येतील, वर्ष तरी जाईल.

आता दर रविवारी काकू खुर्ची फाटकापर्यंत नेतात आणि तिथंच ब्रेक लावतात. तिथून पाणी दिसत नाही, वळण तेवढं दिसतं. पहारेकरी आडवा दांडा वर करतो आणि काकू खेकसतात, "खाली घे तो!" मग थर्मासमधला चहा निघतो.

परवा मात्र त्यांचा धीर सुटला. "वर्ष म्हणे! तुमची तब्येत काय, आणि हे मेले वर्ष मागतात. खड्ड्यात गेला नियम. जाऊ का सरळ आत? बोला, जाऊ?" त्यांनी खरंच ब्रेक काढला. दांडा वरच होता.

काकांनी चांगला हात चाकावर ठेवला. "थांबू की गं," ते म्हणाले. "ती बाबागाडीतली पोर तेव्हापासून थांबलीच आहे."

काकूंनी ब्रेक परत लावला.