खांब चाखणारे धर्मामिस्त्री

धर्मामिस्त्री भिंत चाखून बघायचे. बोटाच्या पेरानं गिलावा खरवडायचे, जिभेला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी नगराध्यक्षांच्या देखत हसलो होतो. मी इंजिनिअर, डोक्यावर पिवळं हेल्मेट. हसणं मला शोभून दिसत होतं.

प्रसंग होता आमच्या गावच्या टाउन हॉलच्या दुरुस्तीचा. शंभरेक वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं तो बांधला, युरोपातल्या जुन्या राजवाड्यांची नक्कल करून. घुमट, जोडखांब, खांबांच्या माथ्यावर दगडी वाटणारी पानं. समुद्रावरून येणाऱ्याला वाटावं, इथं एखादा सम्राट राहतो. राहत होतं वाचनालय आणि जन्ममृत्यू नोंदणीचं कार्यालय. मी सभेत या शैलीवर चाळीस मिनिटं बोललो. मागे उभ्या असलेल्या मिस्त्रींना नगराध्यक्षांनी विचारलं, "काय धर्मा, कळलं का?"

"व्हय. वरून गोरा सायब, आतून आपला जांभा."

सगळे माझ्याकडे बघून हसले. टाउन हॉलबद्दलच बोलले असतील, असं मी स्वतःला समजावलं.

मिस्त्री म्हसळ्याकडचे. घरची भातशेती, हातात वडिलांकडून आलेलं चुन्याचं काम. "जांभा वाईट दगुड न्हाय सायब," ते म्हणायचे, "त्याला संगमरवर व्हायला सांगितलं का घाम फुटतो." खांब चाखून त्यांनी निकाल दिला, "खारट हाय. चुनाच लावा. सिमेट नको. खांबाला रेनकोट घालाल तर घाम जाईल कुठं?"

चुना मुरवायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचं, थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा. मंत्री मात्र तीन महिन्यांत येणार होते. मी म्हणालो, "मिस्त्री, सिमेंटच मारा. जबाबदारी माझी."

"तुमची ना? मंग मारतो," ते म्हणाले. उद्घाटनाच्या फोटोत मी मंत्र्यांच्या शेजारी आहे, मिस्त्री नाहीत.

दोन पावसाळ्यांत खांब फुगले. एका सकाळी वाचनालयाच्या दारात माथ्यावरची पानं गिलाव्यासकट कोसळली. कुणाला लागलं नाही. चौकशी लागली, आणि मी खुलाशात लिहिलं, "कारागिराच्या हलगर्जीपणामुळे." जबाबदारी घ्यायला मला दोन शब्द पुरले होते, झटकायलाही दोनच लागले.

त्यानंतर जुन्या इमारतींची कामं मिस्त्रींना मिळेनाशी झाली. मला मिळत राहिली. वारसा जपण्यावर कॉलेजांत व्याख्यानंही मिळाली.

चार वर्षांनी ते मला किहीमला दिसले, एका सुट्टीच्या बंगल्यात न्हाणीघराच्या फरश्या बसवताना. मी दारातच सगळं कबूल केलं, बहुधा रडलोही. ते ऐकत राहिले, फरशी ठोकत राहिले.

"सायब, बाजूला व्हा जरा, उजेड अडतोय," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला ठाव हाय. पोरीनं वाचून दाखवलेला तुमचा कागद. तोंडानं बोलून काय करू? नाव कागदावर गेलं. कागदावरच परत द्या."

मी त्याच आठवड्यात लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात दोष खाऱ्या हवेचा निघाला. दुसऱ्यात मंत्र्यांच्या घाईचा. तिसऱ्यात मी "अंशतः" जबाबदार होतो. त्यातच नगरपालिकेचं एक मोठं काम माझ्याकडे येऊ घातलं होतं. ते मिळाल्यावर पत्र द्यावं, असं ठरवलं. ते मिळालं. मग ते पूर्ण झाल्यावर. सातव्या मसुद्यात एकदाचा मी खरं बोललो, पण तोवर मिस्त्री गेले होते.

पत्र नगरपालिकेत देऊन, पोच घेऊन, मी त्यांच्या गावी गेलो. बाराव्याला जमलेली माणसं अजून ओटीवर होती. मिस्त्रींची मुलगी सुमन अंगणवाडीत शिकवते. मी पत्राची प्रत तिच्या हातात दिली आणि घाईनं चपला शोधू लागलो.

"थांबा," ती म्हणाली, आणि उभ्याउभ्या मोठ्यानं वाचू लागली. सिमेंटचा आग्रह माझा होता. धर्मा मिस्त्री यांनी आधीच बजावलं होतं. मी चौकशीत खोटं लिहिलं. खाली माझं नाव, पदव्यांसकट.

मी हात जोडले. झालं, सुटलो, असंही वाटून गेलं.

सुमन म्हणाली, "बसा साहेब. आईला कमी ऐकू येतं." आणि आईच्या कानाशी वाकून तिनं पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली, आधीपेक्षा मोठ्यानं.