आईने मला घरी पाठवलं तेव्हा

आईच्या टाचेची भेग आम्ही कोणीच मनावर घेतली नव्हती. कारापूरच्या काजूबागेत ती अनवाणीच फिरायची. भेगेत पू झाला, पाय सुजला आणि एका दुपारी तिला अशी हुडहुडी भरली की दातांवर दात वाजू लागले. दादाने तिला मोठ्या इस्पितळात नेलं. मी पेडण्याला सासरी. कचेरीत रजा टाकून तिच्यापाशी राहायला गेले.

रक्त तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघा भावंडांना बाहेर बोलावलं. "स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू जखमेतून रक्तात गेलेत. हृदय तपासलं, ते ठीक आहे. पण औषध शिरेतूनच द्यावं लागेल, काही आठवडे."

"ताप गेला तरी?" दादाने विचारलं.

"तरीही. मध्येच सोडलंत तर मणक्यात जाऊन बसतील."

दादाने मान डोलावली. पुतणीचा साखरपुडा होता, तो आई घरी येईपर्यंत पुढे ढकलायचा, असं आम्ही तिथेच व्हरांड्यात ठरवलं.

हळूहळू ताप उतरला. आई चहात उंडा पाव बुडवून खाऊ लागली, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी गप्पा मारू लागली. एकदा मला म्हणाली, "बाय, तू घरी जाऊन ये गो. जरा निवांत झोप. दादा आहे मां हांगा." तिला माझी दया आली, असंच मला वाटलं. मी गेले. परतताना तिच्यासाठी डब्यात भाज्यांचं खतखतं घेतलं.

तिच्या खाटेवर दुसरीच बाई झोपली होती.

"तुम्हाला ठाऊक नाही?" डॉक्टरीणबाई चकितच झाल्या. "भाऊ म्हणाले, घरात सगळ्यांचं ठरलंय. मी परोपरीने सांगितलं. सही करून घेऊन गेले."

तशीच कारापूरला पोचले. अंगणात मांडव घातला होता.

"मुलाकडची माणसं थांबेनात," दादा माझ्याकडे न बघता म्हणाला.

"आणि इंजेक्शनं?"

"गोळ्या आहेत."

"मला एक फोन करता आला नाही तुला?"

तो मांडवाची दोरी आवळायला वळला. आई नवं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती. म्हणाली, "माका कितें खबर गो? तो म्हणाला सोडलं, मी आले." मी तिला परत नेते म्हटलं, तर तिने माझा हात दाबला. "आता पाहुणे यायचे. आजचा दिवस जाऊ दे."

दिवस गेला. मग बरेच गेले. रोज काहीतरी कारण निघे. शेवटी ताप आला आणि पाठ इतकी धरली की तिला कूसही बदलता येईना. जंतू मणक्यात पोचले होते. तिला परत इस्पितळात दाखल केलं. पुन्हा तीच सलाईन, तीच औषधं, या खेपेला आणखी लांब.

तेवढा सगळा वेळ मी दादाशी बोलले नाही. तो दाराशी डबा ठेवून जाई. एक दिवस तो गेल्यावर आई म्हणाली, "त्याच्याशी बोल गो."

"तुला फसवून नेलं त्याने."

"नाही फसवलं. मीच म्हटलं त्याला, नातीचा साखरपुडा बघायचाय, घेऊन चल. तुला घरी पाठवलं ते त्यासाठीच. तू मला जाऊ दिलं नसतंस."

मी तिची वेणी घालत होते. हात थांबले. तिच्या खाटेखाली चटई टाकून मी झोपत होते, तिचं सगळं हाताने काढत होते. आणि माझ्यापासून लपवायचं, हे त्या दोघांनी मिळून ठरवलं होतं. दादावरचा राग कधी ना कधी ओसरला असता. हे कुठे ठेवायचं, ते मला कळेना. वेणी मात्र पुरी केली.

आई वाचली. आता वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. दादाशी मी बोलते. रविवारी कारापूरला गेले की आई म्हणते, "मी बरी आहे गो." मी ऐकून घेते आणि तिच्या कपाळाला हात लावून बघते.