टेपेची मागची बाजू

तेव्हा आमच्या गावाला सगळे चांदाच म्हणत. माझं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. रेडिओ मला उघडता येत होता, पण टेपरेकॉर्डर मी त्याआधी एकदाच, तोही नागपुरात, काचेमागे पाहिला होता. म्हणून आलापल्लीकडचे जंगलखात्याचे एक रेंजरसाहेब तो घेऊन बायकोसह दुकानात आले, तेव्हा खरं तर मी घाबरलो.

जंगलाच्या पाहणीसाठी आलेला कुणी परदेशी अभ्यासक जाताना ते यंत्र त्यांना देऊन गेला होता. लाकूड गिरणीच्या डायनामोवर साहेबांच्या क्वार्टरमध्ये वीज असे. ते खिडकीतून माइक बाहेर सोडत आणि संध्याकाळचं रान टेपेवर घेत.

"चांगलं वाजत होतं," ते म्हणाले. "आता मधातच आवाज बसते. अन् मग दुसरंच काही बोलून राह्यलं असं वाटते. ऐका तुम्ही."

मी रीळ लावली. रातकिडे, दूरवर चितळाची हाक, सगळं इतकं जवळ की मी नकळत दाराकडे पाहिलं. मग आवाज मंद झाला, कानांवर घोंगडी टाकल्यासारखा. आणि त्याखालून एक सूर वर आला. माणसाचाच, पण कुठल्या भाषेतला ते कळेना. प्रत्येक शब्द हळूहळू फुगायचा आणि एकदम तुटायचा. माझ्या अंगावर काटा आला.

"हेच," साहेब म्हणाले. "आमचा गडी तर त्या खोलीत पायच ठेवत नाई."

बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला.

मी आधी टेपेवरचा आवाज उचलणारं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. रबरी रोलरवर तपकिरी भुकटी चिकटली होती, तीही काढली. फरक पडला नाही. मग बॅटरीच्या उजेडात, भिंग लावून, टेप चालताना नुसती पाहत राहिलो. थोडा वेळ ती सरळ जायची, मग हळूच वर चढायची. काडीपेटीतल्या काडीनं मी तिची कड जराशी खाली दाबली. चितळ स्वच्छ ओरडलं. काडी उचलली, की तो विचित्र सूर परत.

टेपेला वाट दाखवणाऱ्या पितळी खुंटीची चकती वर सरकली होती. त्या अभ्यासकाच्या मोटारीत, खाचखळग्यांच्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तिचा स्क्रू ढिला झाला आणि नंतर वाजवता वाजवता सुटत गेला असावा. टेपेची वरची अर्धी पट्टी एका बाजूची, खालची अर्धी दुसऱ्या बाजूची. टेप वर चढली की हेडपुढे खालची पट्टी येत होती, आणि ती रीळ उलटवून भरलेली, म्हणून शेवटाकडून सुरुवातीकडे वाजत होती.

हे मी साहेबांना सांगितलं आणि म्हणालो, "म्हणजे मागच्या बाजूला कुणीतरी बोललंय."

"मागची बाजू कोरी आहे. मी कधी लावलीच नाई."

"कोरी नाई," बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी स्क्रू आवळला, रीळ उलटी लावली आणि कळ दाबली.

एक बाईमाणूस तेलुगूत गात होतं. धानाच्या रोवणीचं गाणं असावं. ओळ संपली की थोडं थांबायचं, जणू बांधावरच्या दुसऱ्या बाया ती उचलणार आहेत. त्या थांबण्यात गिरणीची घरघर ऐकू येत होती. मला शब्द कळत नव्हते, तरी मी हातातला पेचकस खाली ठेवला.

"तू?" साहेबांनी विचारलं. "तुले गाता येते?"

"माहेरी, सिरोंच्याले गात होती. मायबरोबर, धानाच्या बांधीत. इथी कोणाबरोबर गाऊ?"

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही इचारलं नाई." त्या रागानं बोलल्या नाहीत. "तुम्ही कळ कशी दाबता ते पाहून ठेवलं होतं. तुम्ही दौऱ्यावर गेल्यावर रीळ उलटी लावून गायली. पण परत लावून ऐकाची हिंमत नाई झाली. तुमचं जंगल पुसलं जाईन म्हणून."

म्हणजे स्वतःचा आवाज त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या. त्या उठून यंत्राजवळ आल्या आणि वाकून फिरणाऱ्या रिळेकडे पाहू लागल्या.

"असा आहे माझा आवाज?" त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. "हा तर मायचा आहे, भाऊ."

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. शेजारचा शिंपी मशीन थांबवून दारात उभा राहिला होता. रीळ संपून टेपेचं टोक फटफटायला लागलं, तरी कुणी कळ बंद करायला हात पुढे केला नाही. रेडिओतल्या तारांचं जाळं रोज हाताळणारा मी, पण एवढ्याशा तपकिरी फितीत दूरचं एक शेत मावतं, हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

पुढं पावसाळा सरल्यावर ते दोघं पुन्हा आले. यंत्र उत्तम चालत होतं. नागपुरातून एक कोरी रीळ मागवून हवी होती. ती बाईंनी मागितली.